काचा वर

जळगावात बड्या सराफांच्या पोरांचा अड्डा हॉटेलात नाही, मेहरूण तलावाच्या काठी भरतो. पाच-सहा लांबलचक गाड्या ओळीने उभ्या, काचा वर, एसी चालू, आणि शेजारच्या गाडीतल्या मित्राशी बोलायचं तेही फोनवर. खाली कुणी उतरायचं नाही. भेळसुद्धा ड्रायव्हरने आणून द्यायची. माझा धाकटा भाऊ रोज त्यांच्यातच असायचा. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचे.

मे महिन्यात तो अपघातात गेला. त्याच गाड्या आमच्या दारासमोर ओळीने येऊन लागल्या. तिरडी उचलायची वेळ झाली, तरी मित्रांपैकी एकही उतरेना. माझं डोकंच फिरलं. जाऊन पहिल्या गाडीची काच बडवली. ती दोन बोटं खाली आली.

"दीदी, खांद्याला ड्रायव्हर पाठवलेत ना."