न लागलेला दिवा

“काई नाही म्हंजे काय?” भाऊंचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. गिऱ्हाईक म्हणे, “भाऊ, गाडीत बिघाड काही नाही, नुसती पाहून घ्या,” की भाऊंच्या भुवया वर जात. बिघाड सांगणारा माणूस त्यांना चालायचा. बिघाड नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

बालाघाटला गोंदिया रोडवर, आमच्या शाळेच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज आणि मागेच घर होतं. मी मास्तर, मधल्या सुट्टीत तिथं जाऊन बसायचो. एवढ्या वर्षांत त्यांचा माझ्यावरही पुरता भरवसा बसला नाही. मी साधा नमस्कार घातला तरी विचारायचे, “काय बिगडलं, मास्तर?” कुणी कामाची तारीफ केली, तर परत बोनेट उघडून नट तपासायचे. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्यांच्यापुढे बसलं की आपणच काही लपवतोय असं उगाच वाटू लागतं.

मधे गावातल्या पोरांना गाडीच्या आवाजाचं वेड लागलं आणि भाऊंकडे हेडर बसवायला गर्दी होऊ लागली. हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. कंपनीचा काढून बाजारातला टाकला की गाडी गुरगुरते, जरा जोरातही पळते. पण काम कच्चं झालं, तर स्टेअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. म्हणून सगळ्यांची अट एकच, “भाऊ, लाइट नहीं आना चाहिए.”

भाऊ आधी तो पाइपच चोरीचा माल असल्यासारखा उलटसुलट करून बघत. आत धूर साफ करणारी जाळी नसली तर सरळ परत. “याच्यावर दिवा लागनारच. अन् लागलाच पायजे.” जाळी असली तरच काम घ्यायचे. इंजिन पार थंड होऊ द्यायचं, जोडामधलं गळती रोखणारं जुनं गॅस्केट फेकायचं, नट मधून कडेकडे आवळत जायचं, धूर मोजणाऱ्या सेन्सरची वायर गरम नळीला टेकू द्यायची नाही. मग गाडी चालू करून एकेका जोडापाशी पेटती उदबत्ती धरायची. धूर सरळ वर गेला तर काम पास, बाजूला उडाला तर तिथं गळती. पोरं खिदळायची, “भाऊ, आरती कर रहे हो क्या?”

“हौ. तू जिता राह्यला पायजे म्हनून.”

आता ज्या प्रसंगानं त्यांचं घर ढवळून निघालं, तो सांगतो. धोंड्याचा महिना श्रावणाला लागून आला होता. भाऊंची एकुलती एक लेक नागपूरला दिलेली. जावई, लेक आणि तान्ही नात अशी तिघं धोंड्याच्या जेवणाला आली. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. जावई पाटावर बसले, वहिनींनी ताटात अनारसे वाढले. जावई खुशीत होते. “बाबा, गाडीला नवीन हेडर टाकला. लाइटसुद्धा लागली नाही!”

भाऊंचा हात थांबला. तेवढ्यात लेक आतून सहज म्हणाली, “आई, या गाडीत बसलं का माहं डोकं दुखते. अन् हे पोरगी पाहा, इथपर्यंत उठलीच नाही.”

“उठलीच नाही म्हंजे काय?” भाऊ म्हणाले. देवापुढची उदबत्ती त्यांनी उचलली आणि तडक अंगणात गेले.

धोंड्याच्या जेवणात जावयाला ताटावर बसवून सासरा उठतो, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. वहिनी दारातच थिजल्या. भाऊंनी किल्ली अर्धी फिरवली. गाडी सुरू व्हायच्या आधी सगळे दिवे एकदा उजळतात, तसे उजळले. पिवळा तेवढा अंधारात. त्यांनी स्टेअरिंगसमोरची, दिव्यांवरची काच खोलली. दिव्यावर आतून काळी टेप डकवलेली होती. मग इंजिन चालू केलं आणि उदबत्ती नळीजवळ धरली, तर धूर फुंकर मारल्यासारखा उडाला. म्हणजे तिथून गळणारा इंजिनाचा विषारी, गुंगी आणणारा धूर खिडक्या बंद असताना आत माणसांपर्यंत येत होता.

जावई उष्ट्या हातानं बाहेर आले. “गॅरेजवाल्यानं केलं असेल, मला काय माहीत? का मीच बायकोपोरीला मारायला निघालो होतो?”

कुणीही म्हटलं असतं, छे छे, असं कसं! भाऊ म्हणाले, “मले काय मालूम?”

जावई तसेच आत वळले. त्यांनी बायकोला बॅग भरायला सांगितलं. भाऊंनी किल्ली खिशात टाकली. “तुमी बसनं जा, जावईबापू. या गाडीत माही पोरगी नाही बसनार.” जावई एकटे गेले, तेही उपाशी.

गाडी लवकरच दुरुस्त झाली, पण न्यायला कुणी येईना. वहिनी रडायच्या, “शंकेपायी पोरीचा संसार मोडसान तुमी.”

“जिती तं आहे ना,” एवढंच भाऊ म्हणत. पण त्यांचं जेवण तुटलं होतं. हे मी पाहत होतो.

शेवटी एके दिवशी त्यांनी लेकीला, नातीला आणि मला गाडीत बसवलं आणि सगळ्या काचा बंद करून नागपूर गाठलं. मला का नेलं? साक्षीला, अशी माझी शंका आहे. जावयांनी दार उघडलं, नातीला घेतलं, लेकही आत गेली. आम्हाला ‘या’ म्हटलं नाही. भाऊंनी दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली. “तुमी तसे नाही, मालूम होतं मले. जीभ वाईट आहे माही.” आणि राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाले, “पन गाडी पाहाले ताटावरून पुन्हा उठीन मी.”

जावयांनी किल्ली घेतली आणि दार लावलं. परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीकडे तोंड करून रडले. एवढ्या कडू माणसाचा मला इतका लळा लागला असेल, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे जावई बालाघाटला आले नाहीत. आले ते थेट भाऊंच्या तेरवीला. मागच्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले.

तेरवीचं जेवण आटोपलं. जावई कुणाशी फारसं बोलले नाहीत. लेक आणि नात मागच्या सीटवर बसल्या, गाडी निघाली आणि शाळेच्या फाटकापाशीच थांबली. मला वाटलं, काही विसरलं. जावई उतरले, मागचं दार उघडलं आणि गाढ झोपलेल्या पोरीला गदागदा हलवलं. ती दचकून उठली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. लेक चिडून काहीतरी बोलली. जावई दाराला धरून ते रडणं ऐकत उभे राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, दार लावलं आणि गाडी पुढे काढली.