समजा, फसलं!

माझ्या विहीणबाईंइतकं अभद्र बोलणारी आणि माझ्याइतकी शहाणी बाई उभ्या खानदेशात सापडायची नाही. माझ्या शहाणपणाचा पुरावा रावेरपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रानातल्या जनावरांसाठी मी तिथे वर्गणी काढून सिमेंटचा पाणवठा बांधला, नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढून घेतले. फक्त त्यात पाणी कोण भरणार, तेवढं ठरवायचं राहिलं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे नुकतीच निवृत्त झाले होते.

विहीणबाई धुळ्याच्या. वनरक्षकांना आणि वन्यजीवांसाठी राबणाऱ्या पोरापोरींना त्या कामाचं नियोजन शिकवतात. त्यांची रीत एकच. कामाला हात लावण्याआधीच ते पार फसलंय असं समजायचं, आणि का फसलं ते प्रत्येकानं सांगायचं. ही रीत वर्गातच राहती तर बरं होतं. पण माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, सुपारी फुटायच्या आधीच, बाई म्हणाल्या, "समजा, हे लग्न मोडलं. का मोडलं असेल?" आमच्या ह्यांच्या हातातली सुपारी घरंगळत कॉटखाली गेली. जावईबापू मात्र शांतपणे म्हणाले, "आई, तुझ्यामुळे."

"शाबास! आता उपाय सांग." बाई खूश.

पाणवठ्याआधी त्यांनी मलाही वर्गात बसवलं होतं. वनरक्षक पोरं भराभर सांगत होती, टँकर चढणार नाही, पाइप फुटेल. माझी पाळी आली तशी मी पदर सावरून म्हणाले, "माझं काम फसत नसतं."

मे महिन्यात आम्ही दोघी पाहायला गेलो. कोरड्या पाणवठ्यात एक माकडीण बसली होती आणि तिचं पिल्लू सिमेंट चाटत होतं. विहीणबाई तरातरा शेजारच्या केळीच्या मळ्यात शिरल्या आणि ओरडल्या, "भाऊ, तुनी मोटर चालू शे का?" संध्याकाळपर्यंत नळी जोडून झाली, मळेवाल्यांच्या पाळ्या लागल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या धुळ्याहून एसटीनं येऊन पाणी बघून जातात. मी आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन मागे मागे.

यंदा त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. जळगावच्या दवाखान्यात त्यांना आत न्यायच्या आधी मी धीर द्यायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं, "समजा, तुम्ही..." डोळे भरून आले.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "विहीणबाई, आज पहिल्यांदा बरोबर सुरुवात केलीत. आता उपाय सांगा. पाणवठ्यावर कोण जाणार?"