गरम भाताला गाडी

कँटीन कमिटीवर पाच वर्षं काढली की किस्से खरकट्यासारखे साठतात. रोज टाका, उद्या आहेतच! आमची चाकणची कंपनी, सहाशे माणसांचं जेवण. किस्स्यांना काय तोटा?

*

ताटात किती टाकलं जातं ते बघायला आम्ही बेसिनजवळ वजनकाटा ठेवला. पहिल्याच आठवड्यात फिटर गित्तेंची शिफ्ट सगळ्यात कमी! टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

दोन दिवसांनी गित्तेंच्या टूलबॉक्सवर माश्या घोंगावायला लागल्या. उघडला तर आत भात!

"काट्यावर नको म्हणून बाजूला ठेवला, राव," गित्ते म्हणाले.

*

ओव्हरटाइम रद्द झाल्याचं सगळ्यात शेवटी कळतं ते कँटीनला. तोवर भात शिजलेला. मग कमिटीतले कदमभाऊ तो स्वतःच्या व्हॅनमधून तळवड्याला, बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्यांवर पोचवतात.

याच व्हॅनमधून ते पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलीच्या वडिलांनी व्हॅनचं दार उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "पाहुणे, केटरिंग करता वाटतं?"

*

कदमभाऊ महिनाअखेर रिटायर होणार, म्हणजे व्हॅनही जाणार. म्हणून अन्नाची नासाडी थांबवायला मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून गाडीसाठी अर्ज केला. गित्ते भडकले.

"ताट संपवायला सरकार कशाला? उद्या चावायलाही अनुदान मागाल!"

"भावा," मी म्हणालो, "हाच भात आंबला की न्यायला घंटागाडी येतेच ना? तिचे पैसे कोण देतं? मग गरम असताना गाडी का नको?"

माझं आजही तेच म्हणणं आहे.

*

अर्ज तपासायला सरकारी साहेब आले.

"रोज किती वाया जातं?"

"एक शीतसुद्धा नाही, साहेब!" कदमभाऊंनी छाती फुगवली. "उरलेलं सगळं तळवड्याला जातं."

"मग गाडी कशाला?" साहेबांनी फाइल मिटली. "वाया जातंय याचा पुरावा लागतो."

महिनाअखेरनंतर तळवड्याची माणसं आमच्या वाटेकडे डोळे लावून बसणार आणि आम्ही जाणारच नाही.

तरी आग्रह करून साहेबांना जेवायला बसवलं. घाईघाईत चार घास खाऊन, अर्धं ताट तसंच टाकून ते उठले.

स्वयंपाक करणाऱ्या पारूबाई इथल्याच गावच्या. त्या ताट उचलायला आल्या, पण उचललं नाही. शेजारी फाइल आणून ठेवली.

"पुरावा मागत हुता न्हवं, सायेब? ह्यो बगा. लिवा."

साहेब परत बसले. उजव्या हाताने ताट पुढे ओढलं आणि डाव्या हाताने फाइल उघडली.