परत गेलेला हंस

कराडच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग पुण्याच्या एसटीत चढवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाचखोरी शिकायला विलायतेला कशाला? माझ्या कचेरीत बसायचंस. फुकट दाखवली असती." अख्खी गाडी हसली. मीही हसले आणि साताऱ्यापर्यंत रडले.

बाबा तहसील कचेरीत कारकून. कुणी दारात आंब्याची पेटी ठेवून गेलं की ती सायकलच्या कॅरियरला बांधून परत. आम्ही भावंडं वासामागून फाटकापर्यंत जायचो. बदल्या मात्र सणवारासारख्या यायच्या. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "मूर्खपणा केला बघ आयुष्यभर." त्या वाक्याला उत्तर शोधत मी वीस वर्षं इथे जुने कागद उलटतेय. युनिव्हर्सिटीला वाटतं, मी रिसर्च करते.

नॉटिंगहॅममध्ये मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या निवडणुका शिकवते: बिअर पाजून मतं कशी मिळवत, वगैरे. ट्रॅममध्ये डुलकी लागली की उंच हॅटवाले उमेदवार पेट्या घेऊन बाबांच्या टेबलापुढे रांगेत दिसतात. मी स्वतः काही कमी नाही. पहिल्याच महिन्यात, कागद मागायच्या आधी, अर्काइव्हमधल्या बाईंना आईचे बेसनलाडू दिले होते. त्या गोड हसल्या आणि डबा परत सरकवला. फोनवर सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले होते. लाचखोरीची अभ्यासक म्हणे!

या समरला बाबा आले, पिशवीत लाडवांचा डबा घेऊन. काठी टेकत अर्काइव्हच्या रीडिंग रूममध्ये येऊन बसले. त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली, निवडणुकीतल्या लाचखोरीच्या चौकशीतली एका कारकुनाची साक्ष मी कुजबुजत मराठीत वाचली. उमेदवाराने ख्रिसमसला गूस पाठवला, म्हणजे आपला हंसच, पण खायचा. कारकुनाने तो उचलून परत नेऊन दिला.

"जिवंत होता?"

"नाही हो बाबा."

"मग सोपं. किती लांब?"

"चार मैल. चालत."

बाबांनी तो पिवळा कागद जवळ ओढला. मग चष्मा पुसत म्हणाले, "त्याचीही पोरं फाटकापर्यंत आली असतील, नाही?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. सायकलवरून मागे न बघता.

"मूर्ख नव्हता हं तो," ते उठता उठता म्हणाले. "आता दे बाईंना लाडू. काम झालं."

तिकडे राहिलेल्यांनो, इकडे आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं तर हल्ली मला पत्ता सुचत नाही. फक्त आंब्यांचा वास येतो, लांब लांब जाणारा, आणि मी अजून फाटकाशी उभी असते.