हुंकाराची जागा

आमच्या घरात शेंगदाणेसुद्धा जुन्या पत्रकांच्या पुडीत असायचे. वडील पत्रकं लिहायचे, आई घड्या घालायची आणि मी ती शहापूरच्या बाजारात वाटायचे. छापलेल्या शब्दाने जग हलतं, असं मी मानून चालले होते.

तानसाजवळच्या एका वाडीने मला जमिनीवर आणलं. धरण डोळ्यांसमोर आणि प्यायला डबकं, अशी ती वाडी. विहिरीच्या मागणीचं माझं पत्रक तिथल्या बायांनी चुलीत घातलं. "झकास पेटलं गो," एकजण म्हणाली. वाचता कुणालाच येत नव्हतं.

मग कॅसेट करायचं ठरवलं. वाडीतली एक म्हातारी बोलायला लागली की माणसं हातातलं काम थांबवायची. पण तिचे गुडघे गेलेले, ग्रामसभेपर्यंत चालणं अशक्य. विहिरीचा ठराव याच सभेत मांडायचा होता. तिच्या वतीने मी बोलणं मला मान्य नव्हतं. तिचाच आवाज सभेत घुमला पाहिजे होता.

उसना टेप आणि वायरचा माइक घेऊन मी तिच्या घरी गेले. कुडाच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या, कोंबड्या हाकलल्या, सगळ्यांना गप्प बसवलं. म्हातारी दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

"बोला ना आजी."

"कुनी हं म्हनंत नाय, तं सांगू कोनाला? भिताडाला?"

तिच्याकडे रीतच तशी होती. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार दिला म्हणजे ऐकलं, आणि मग "मला ठाऊक नाय" म्हणायची सोय उरत नाही.

मी हुंकार देऊ लागले. घरी ऐकलं, तर माइकजवळ बसल्यामुळे माझा "हं" नगाऱ्यासारखा आणि म्हातारी कुठेतरी लांब!

दुसऱ्या खेपेला तिच्या सुनेला दाराबाहेर, पेंढ्याच्या भाऱ्यांमागे बसवलं. तिचा हुंकार म्हातारीला ऐकू जाई, माइकला नाही. माइकला फडकं गुंडाळून तो तोंडासमोर न धरता जरा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवला. म्हातारी सुटली ती सुटलीच.

घरी दोन टेप जोडून, बटणं दाबत खोकला, कोंबडा, रडणारं पोर काढून टाकलं. हुंकाराच्या जागा मात्र रिकाम्या राहिल्या.

"त्या पण काप," वडील म्हणाले. "टेप फुकट जातेय."

कापून पाहिल्या. म्हातारी धापा टाकत पळतेय असं वाटलं. मी जागा परत घातल्या.

ग्रामसभा देवळात भरली. तिथे कर्ण्याच्या माइकपुढे टेप ठेवला, तेव्हा सरपंच हसले. "गानी लावताय का?" सगळे हसले.

कॅसेट सुरू झाली. "पानी आमच्या दारावरून जातं..." आणि ती रिकामी जागा आली.

मागून एक शेतकरी सहज म्हणाला, "हं."

पुढच्या जागेला चारपाच जण. त्यानंतर बायका. शेवटी तर सगळं देऊळ हुंकारत होतं, आणि सरपंचांची मानही हलत होती. "आमी पन गावातलेच ना?" म्हातारीने विचारलं आणि जो हुंकार उठला, त्याने छपराचे पत्रे थरथरले. ठरावाला एकही हात खाली राहिला नाही.

मी धावत वाडीवर गेले. "आजी, विहीर मंजूर!"

तिने आधी विचारलं, "हुंकार दिला का गो कुनी?"

"सगळ्यांनी."

"मंग?" ती ऐटीत म्हणाली. "आता नाय कसे म्हनतील?"