राबातली गार जागा

आधीच सांगते, असले अनुभव वाचायला मला मजा येते, पण विश्वास वगैरे अजिबात नाही. निदान नव्हता. मी डहाणूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि दिसेल तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, हे माझं काम. आमच्या पाड्यावर कोणी ताप आलेल्या माणसाला "बाहेरचं लागलंय" म्हणालं की मी आधी त्याच्या बोटाला सुई टोचते. माझा नवरा विलास म्हणतो, "हिच्यासमोर देव आला तरी ही आधी त्याचं रक्त घेईल!"

असो. गोष्ट गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली आहे.

विलास पोकलेन चालवतो. आधी इथेच, चारोटीकडे हायवेच्या कामावर होता. मग कॉन्ट्रॅक्टरने त्याला हिमाचलमध्ये, खूप उंचावरच्या एका रस्त्याच्या कामाला पाठवलं. निघताना सासूबाईंनी त्याच्या बॅगेत स्वेटर कोंबला, तर याने तो काढून खाटेवर टाकला. "आई, मे महिना हाय! उन्हाळा काय तिकडं येत नाय?" या एका वाक्यावरून मी त्याला जन्मभर चिडवणार आहे.

पहिले काही दिवस रोज संध्याकाळी फोन यायचा. मग एकदा आलाच नाही. त्याच रात्री टीव्हीवर बातमी... ऐन उन्हाळ्यात तिकडे प्रचंड बर्फ पडलाय, रस्ते बंद, माणसं अडकलीत. त्याचा फोन स्विच ऑफ. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसमधला माणूस एकच वाक्य घोकत होता – "मॅडम, सगळे सेफ असतील." असतील म्हणजे काय? आहेत की नाहीत?

आमचा पाडा वेवजी गावाजवळ. इथे तेव्हा अंगाची लाही लाही होत होती, रात्रीसुद्धा भिंती गरम. आणि सासूबाई तो राहिलेला स्वेटर मांडीवर घेऊन बसलेल्या. मला तर पंखा लावायचीही लाज वाटायची. वेडेपणा आहे, पण खरंच वाटायची.

रविवारी मी घरी होते. सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "चल पोरी, राब भाजायचाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – भाताचं बी टाकण्याआधी आमच्याकडे ती जमीन भाजून घेतात. शेणखत, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा वाळलेला टाळा, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. मग आग भडकत नाही, हळूहळू सरकत जाते आणि माती खोलवर भाजते. तणाचं बी मरतं, रोपं जोमाने येतात. याला म्हणतात राब. आणि आमच्या घरची आणखी एक पद्धत आहे. राब पेटला की सासूबाई घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक मूठ गवत त्यात टाकतात. कशासाठी, ते त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी मला नाही सांगितलं.

"आई, आज नको ना. त्याचा फोन येऊ दे आधी," मी म्हटलं.

"फोन येईल तवा येईल. पाऊस थांबणार हाय का त्याच्यासाठी?"

बोलणं असं खणखणीत, पण त्यांनी ओढलेल्या दोन्ही काड्या मोडल्या. शेवटी मीच पेटवलं.

राब छान लागला. त्यांनी एक मूठ माझ्या नावाने टाकली, एक स्वतःच्या. मग तिसरी मूठ छातीशी धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. "विलास," एवढंच म्हणाल्या आणि टाकली.

आग सरकत सरकत तिथपर्यंत आली... आणि त्या जागेला वळसा घालून पुढे गेली.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. साधारण खाटेएवढी जागा. चारही बाजूंनी धूर, निखारे, आणि मधला टाळा जसाच्या तसा. "माझ्या पोराची मूठ जळली नाय गं..." म्हणत सासूबाई खाली बसल्या.

"ओला असेल टाळा," मी ओरडलेच त्यांच्यावर. घाबरले की मी ओरडते. थोड्या वेळाने राख जरा निवाल्यावर मी काठीने वाट करत आत गेले, काडी लावली. विझली. दुसरी लावली, विझली. वैतागून टाळा उचकटायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. आमच्या लॅबच्या डीप फ्रीझरमध्ये हात घातल्यावर बोटं जशी चिकटतात ना, तशी चिकटली. खालच्या पानांवर पांढरा थर होता, मिठाची भुकटी पसरल्यासारखा. मी बोटावर घेतला. त्याचं पाणी झालं.

मे महिना. सकाळचं ऊन. आजूबाजूला जळता राब. आणि हिमकण!

मी सासूबाईंना आत नेलं, पाणी दिलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या. दोघींनाही एकच भीती होती.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. अनोळखी नंबर. "मी हाय गं..." एवढंच ऐकलं आणि मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. मला ऐकवेनाच.

विलासने सगळं सांगितलं ते घरी आल्यावर. बर्फाच्या ओझ्याने त्यांची पत्र्याची शेड बसली. तो आणि एक बिहारी ड्रायव्हर पोकलेनच्या केबिनमध्ये शिरले. डिझेल होतं तोवर हीटर चालला, मग तोही बंद. रविवारी सकाळपर्यंत हातपाय कळेनासे झाले होते. (रविवारच, कारण दर शनिवारी येणारी रेशनची जीप आदल्याच दिवशी आली नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं.)

"झोप यायला लागली गं. कळत होतं की झोपायचं नाय, पण डोळे मिटायचे. आणि एकदम राबाचा वास आला. आपल्या राबाचा, शेणखताचा धूर असतो ना, तोच. मी त्या बिहारी भाऊला म्हटलं, माझ्या आईनं राब पेटवला. त्याला वाटलं, हा गेला कामातून! पण मग पायाखालचा पत्रा कोमट झाला. त्यालाही लागला. त्यानं तं बूट काढून पाय टेकवले."

मशीनभोवतीचा बर्फ वितळून काळी माती उघडी पडली होती. वरच्या वळणावरून शोधायला आलेल्या माणसांना बाकी सगळं पांढरं दिसत होतं, फक्त तेवढाच काळा डाग दिसला. म्हणून ते खाली उतरले.

आमच्याकडचं मी त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनीही नाही. त्याचं बोलणं संपल्यावर मी त्याला नेऊन राबातली ती न जळलेली जागा दाखवली.

त्या जागेत पुढे तणच माजलं. "तेवढं वाया गेलं," मी सहज म्हटलं, तर सासूबाई रागावल्या. "वाया? त्याच्यावरच तं माझं पोर शेकून जगलं!"

मी माझ्या परीने उत्तर शोधलं. तिथली माती, त्या हिमकणांचं पाणी, सगळं लॅबमध्ये नेऊन पाहिलं. साधी माती, साधं पाणी. विलासला भास झाला म्हणावं, तर त्या बिहारी ड्रायव्हरला तोच भास कसा झाला? आणि माझ्या बोटांची सालं निघाली होती, त्याचं काय? मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

पण हे लिहायला बसले ते यंदाच्या राबामुळे.

विलास आता इथेच कामाला आहे. यंदा आम्ही तिघंही राबाजवळ उभे होतो. सासूबाईंनी तिन्ही मुठी टाकल्या, तिन्ही भुरकन जळाल्या. विलासने मला डोळा मारला. आणि मग पलीकडच्या कोपऱ्यात आग थबकली... आणि वळसा घालून पुढे गेली.

विलास आत गेला, हात लावला आणि झटकन मागे घेतला. ती थंडी त्याला माहीत होती. खिशातून काडेपेटी काढणार, तोच सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे. आपलं सगळं घर हितंच हाय ना? मग दुसऱ्या कोणाचं तरी पोर असंल तिकडं. घेऊ दे त्याला ऊब."

मग त्यांनी आणखी एक मूठ गवत उचललं, त्या गार जागेवर हलकेच ठेवलं. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच "पोरा" म्हणाल्या.