आबा एका मार्कानं नापास

माझ्या बापाला नापास करणाऱ्या डॉक्टरचा मला अजून राग येतो. लोक म्हणतात, सोड आता, वर्षं लोटली. का सोडू?

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. जिकडं बघावं तिकडं नवे कारखाने उभे राहत होते. आमच्या मुकुंदवाडीतल्या पोरीबाळी डबा घेऊन पाळीला जायला लागल्या होत्या. घरी मात्र आबाचं डोकं रिकामं होत चाललं होतं. जेवून उठला की मायला विचारायचा, आज चूल पेटवायची नाय का? नळावर गेला की घर सापडायचं नाही. अल्झायमर हा शब्द मला कंपनीतच कळला, कारण तिथं त्याच रोगावर नवी गोळी तयार होत होती. बाजारात आणायच्या आधी शहरातल्या काही म्हाताऱ्यांना देऊन बघणार होते. सुपरवायझरच्या हातापाया पडून मी आबाचं नाव त्यात घालून घेतलं.

नियम असा, की पहिला महिना सगळ्यांना गोळी. मग डॉक्टर प्रश्न विचारणार. ठरल्याइतके मार्क पडले तर गोळी पुढं चालू, नाहीतर बंद.

आणि गोळी लागू पडली हो! आबा आपल्या हातानं धोतर नेसायला लागला. एके दिवशी भाकरीसोबत ठेचा मागितला आणि मीठ कमी पडलं म्हणून मायवर खेकसला. माय पदर तोंडाला लावून हसत बसली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कोणी कोणावर खेकसलं होतं.

परीक्षेला मी शेजारीच बसले. डॉक्टर गोड बोलणारा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं वार विचारला, वस्तू दाखवून नावं विचारली, उलटं मोजायला लावलं. आबा कुठं कुठं अडला, पण बरंच सांगितलं. मग डॉक्टरनं विचारलं, आपल्या शहरातल्या विद्यापीठाचं नाव काय? मूळची परीक्षा परदेशातली. तिथलं कुठलंतरी ठिकाण काढून ह्या शहाण्यांनी आपलं विद्यापीठ घातलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली साधी गोष्ट म्हणे. साधी! ज्या नावावरून मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली, ती ह्यांना साधी गोष्ट वाटली.

आबानं ताठ बसून नवं नाव सांगितलं. त्याच नावासाठी तो सत्याग्रहात उतरला होता, हर्सूलच्या जेलात राहून आला होता. सरकारनं ते विद्यापीठाला अजून दिलं नव्हतं. डॉक्टरनं फुली मारली, आणि आबाला एक मार्क कमी पडला.

मी भांडले. म्हणलं, हा विसरलेला नाही, ह्याला लई चांगलं आठवतंय म्हणून हा असं सांगतोय. डॉक्टर म्हणाला, ताई, मला पटतं, पण उत्तरं मुंबईहून ठरून आलीत, माझ्या हातात काही नाही. मग फुली कोणाच्या हातानं मारली? शेवटी म्हणाला, उद्या परत आणा, तेवढा एक प्रश्न पुन्हा विचारतो.

घरी आल्यावर माय आणि मी आबाच्या मागं लागलो. एकदाच जुनं नाव घे, गोळीसाठी घे, नुसतं तोंडानं म्हण. तो व्हय व्हय करत राहिला. दुसऱ्या दिवशी रिक्षातही मी त्याच्याकडून घोकून घेतलं.

डॉक्टरनं विचारलं. आबा डॉक्टरला सोडून मलाच म्हणाला, "पोरी, मंग मी हर्सूलला कशाला गेलतो?"

डॉक्टरनं मान खाली घालून पुन्हा फुली मारली.

गोळी बंद झाली. मी कामावर जात राहिले, पोट थोडंच सुटतं? दुसऱ्यांच्या गोळ्या डोळ्यांसमोरून जायच्या आणि माझ्या अंगाची आग व्हायची. आबा परत नळावर हरवायला लागला. पुढं मायला ओळखेना, मग मलाही. एक शिकलेला नातेवाईक म्हणाला, गोळीनं तरी काय, चार-सहा महिने पुढं ढकललं असतं इतकंच. अरे, मग द्यायचे होते ना ते चार-सहा महिने! आमच्या वाट्याचे कापणारे तुम्ही कोण?

आणि मग विद्यापीठाचं नाव बदललं. जुनं नाव शेपटासारखं मागं ठेवून का होईना, पण बदललं. गल्लीत हलगी कडाडली, निळा गुलाल उडाला, बाया नाचता नाचता रडायला लागल्या. लोकांनी आबाला खुर्चीसकट दारात आणून बसवलं आणि एकेक जण येऊन पाया पडू लागला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून ते नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. तो हलगीकडं बघून हसला.

"कोणाचं लगीन हाय?" त्यानं विचारलं.

"आपल्याच घरचं हाय, आबा," मी म्हणलं.

त्यानं अंगातल्या मळक्या सदऱ्याकडं बघितलं. "मंग मला नवी कापडं का नाय केली?"